मॉल दहापर्यंत, बाग पाचलाच बंद!



31 डिसेंबर 2021 पासून मुंबईतल्या बागा, मैदानं, चौपाट्या संध्याकाळी पाच ते पहाटे पाच बंद. 10 जानेवारी 2022 पासून नवे नियम आले, त्यात मॉल आणि हॉटेलं निम्म्या क्षमतेने रात्री दहापर्यंत चालू! एसीच्या बंद हॉलमध्ये मास्क काढून जेवलेलं चालतं, कडुलिंबाखाली मास्क लावून बसलेलं चालत नाही. हे कुठलं शास्त्र?

कोंदट जागेत कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 मध्ये मान्य केलं. जुलै 2020 च्या सिरो सर्वेक्षणात मुंबईच्या तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या, बाकीच्या वस्तीत 16 टक्के. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं कोंडल्यावर दुसरं काय होणार? या शहरात माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर. तिलाही कुलूप!

परवा धुणंभांडी करून सहाला सुटलेली आमच्या चाळीतली ताई पोराला घेऊन बागेशी आली. फाटकाला साखळी. पोरगं गजांतून घसरगुंडीकडे बघत राहिलं, मग नाल्याच्या कडेला खेळायला गेलं. त्याच संध्याकाळी समोरच्या टॉवरमधल्या एका सद्गृहस्थांनी गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या चार पोरांचा फोटो ‘बेजबाबदार लोक’ म्हणून ग्रुपवर टाकला. स्वतःच्या सोसायटीत पोडियमवर बाग असणाऱ्यांनी तरी हे उद्योग करू नयेत.

म्हणे गर्दी होते. अहो, बाग मोजके तास उघडली की गर्दी होणारच. म्हणे लोक थुंकतात. थुंकणाऱ्याला दंड करा ना! पहिल्या लाटेत घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरलेली आम्ही मंडळी, आम्हाला काळजी शिकवू नका.

15 जानेवारीला बागबंदीच्या आदेशाची मुदत संपते. ती गुपचूप वाढण्याआधी हलायला हवं. गुरुवारपर्यंत सह्या करा. मागणी एकच, बागा पहाटे पाच ते रात्री दहा उघड्या ठेवा. झोपाळे-घसरगुंड्या बंद ठेवायच्या तर ठेवा. शुक्रवारी वॉर्ड ऑफिस, पोलीस ठाणं आणि नगरसेवक, तिन्हीकडे निवेदन द्यायचंय. पाचजण जमायला बंदी आहे, म्हणून चौघंचौघंच जा. पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय परतू नका. कुलपाचे फोटो वेळेसकट काढा. आणि मास्क नाकावर! हनुवटीवर मास्क लटकवणाऱ्यांनी आमच्याबरोबर येऊच नये, त्यांच्यामुळेच आपलं म्हणणं कोणी ऐकत नाही.

मागच्या वेळी ‘तुम्ही करा, आमचा पाठिंबा आहे’ म्हणणारे पुष्कळ होते. या वेळी पाठिंबा कागदावर द्या. सह्यांचे कागद दूध केंद्रावर आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवलेत. पेन घरून आणा.

11 जानेवारी 2022