तारण सदनिकेचे, भिस्त खाडीवर

उरणजवळच्या द्रोणागिरीत घर घेणारा वीस-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो. बँक सिडकोचा भाडेपट्टा पाहते, भोगवटा प्रमाणपत्र पाहते, पगाराच्या पावत्या तपासते. भरतीचे पाणी पोटात घेणारी आसपासची तिवरे शाबूत आहेत का, हे विचारण्याची मात्र तिच्याकडे रीत नाही. खाजणात भराव टाकून वसवलेल्या या भागात ऐन पावसाळ्यात उधाण आले की पाण्याला पसरायला जागा लागते. ती पाणजे, भेंडखळच्या पाणथळी देतात. पाणजेत शिरणारे भरतीचे पाणी अडवले जात असल्याच्या तक्रारी पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले. लोकांना त्यात फक्त रोहित पक्ष्यांची काळजी दिसली. पाणी तळमजल्यात शिरू लागले की घराची किंमत उतरते, हप्ता मात्र उतरत नाही. तारण हलके झाले, की बँकही सुरक्षित राहत नाही.

खाडीची किंमत इथे एकदा रुपयांत मोजली गेली आहे. जेएनपीटीच्या विस्ताराने मासेमारी बुडालेल्या 1,630 कोळी कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये द्यावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला. म्हणजे किंमत लागली, पण जिताडा नि चिंबोरी गेल्यावर. व्यापाऱ्याकडून उचल घेऊन होडी चालवणाऱ्याचे कर्ज त्याआधीच थकलेले असते.

डच मध्यवर्ती बँकेने 2020 मध्ये हाच हिशेब देशभरासाठी केला. तिथल्या वित्तसंस्थांची 510 अब्ज युरोंची गुंतवणूक निसर्गाच्या सेवांवर मोठ्या प्रमाणात विसंबून असल्याचे निघाले. आपल्या रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये मसुदा काढला तो हवामान जोखमीचा. खाजणे, तिवरे त्यात कुठे बसतात, हे कर्ज मंजूर करणाऱ्या शाखेला कोण सांगणार? कांदळवनांची कत्तल हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्येच बजावले. ते कर्जाच्या फायलीपर्यंत पोहोचलेले नाही.

उरण-पनवेल पट्ट्यातल्या प्रत्येक प्रकल्पकर्जाच्या प्रस्तावाला भरतीच्या पाण्याची वाट दाखवणारा नकाशा सक्तीचा करावा आणि ती वाट बुजवणाऱ्या भरावाला कर्ज नाकारावे. संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला, साडेबारा टक्के योजनेतला ज्यांचा भूखंड कांदळवनात अडकला, त्या प्रकल्पग्रस्तांना सिडकोने दुसरीकडे जागा द्यावी. आधीच जमिनी गमावलेल्यांच्या खिशातून तिवरे वाचवायची नाहीत.