देशी मासा, निळं औषध आणि आपण

गोल्डफिश-गप्पी सोडून आपल्या तापीच्या खोऱ्यातले टिक्टो बार्ब, दांडवण, छोटी शिंगटी असे देशी मासे पाळणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. पण त्यांचं एक लाडकं वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. "गावठी मासा आहे भाऊ, कणखर असतो. काही झालंच तर निळं औषध टाकायचं!" या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही माशाच्या जिवावर बेततात.

आधी कणखरपणाचं बघू. 1988 साली ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये ईयूएस नावाचा रोग शिरला आणि मग देशभर पसरला. अफॅनोमायसेस नावाचा बुरशीसारखा जीव हे त्याचं कारण. अंगावर लाल चट्टे येतात, मग खोल जखमा पडतात. याचे सगळ्यात सोपे बळी कोण? मरळ आणि पुंटियस गटातले आपले बार्ब. आणि ज्यांना तो सहसा होत नाही ते? तिलापिया आणि सायप्रिनस, दोघेही बाहेरून आणलेले पाहुणे! घ्या, आता सांगा कणखर कोण ते.

अहो, मासा कणखर असतो तो नदीत. ऊन तापलं की तो खोल डोहात जातो. तुमच्या दोन फुटी काचेच्या पेटीत तो कुठे जाणार?

आता निळं औषध. मिथिलीन ब्लू वाईट नाही, बुरशीवर ते चालतं. पण मे महिन्यात जळगावात पारा 44-45 वर असताना मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर त्यांना बुरशी झालेली नाही. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशाला जेमतेम 7. शिवाय पीएच 8 असेल तर अमोनियाचा विषारी हिस्सा 25 अंशाला 5 टक्के असतो, तो 35 अंशाला 10 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे पाण्यात श्वास कमी आणि विष दुप्पट. अशा वेळी एअर पंप वाढवायचा, थोडं पाणी बदलायचं, खाणं कमी करायचं. तिथे बाटली काय करणार?

याहून भारी प्रकार म्हणजे मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टाकीत फोडणे. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं, त्यामुळे माशाच्या अंगात ते फारसं जातच नाही. उलट अँटिबायोटिकमुळे फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरू शकतात. रोग तसाच आणि वर अमोनिया फुकट!

आमच्या आयटीत लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करणारा एक तरी महाभाग असतोच. त्याला आपण हसतो. मग माशाच्या बाबतीत तेच का करतो?

क्रम साधा आहे. आधी पाणी तपासा : तापमान, अमोनिया, पीएच. नळाचं पाणी थेट ओतलं असेल तर क्लोरीनचा संशय घ्या. मग मासा नीट बघा. रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो 'इक' हा परजीवी. हा बहुधा आपल्याकडच्या हिवाळ्यातला पाहुणा, रात्री पाणी गार पडलं की येणारा. कातडीखाली असताना त्याच्यावर औषध चालत नाही, तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून उपचार थांबवायचे नाहीत. पाणी हळूहळू 30 अंशापर्यंत न्या, हवा वाढवा, लिटरमागे 2 ते 3 ग्रॅम साधं मीठ थोडं थोडं करून घाला. शिंगटी आणि लोच यांना खवले नसतात किंवा अगदी बारीक असतात. त्यांना मॅलाकाइट ग्रीनसारखं औषध पूर्ण डोसात देणं म्हणजे विषच. आणि डोस "अंदाजे दोन टोपणं" नसतो हो! 60×30×40 सेंटिमीटरची टाकी 72 लिटरची, वाळू-दगड आणि वरची रिकामी जागा वजा करून खरं पाणी 60 च्या आसपास. हिशेब त्या 60 चा करायचा.

बरं, मासा गेला तर शे-पन्नास रुपये गेले, असं म्हणणारेही आहेत. त्यांना खरा धोका कळलेलाच नाही. जखमा झालेला मासा "जाऊ दे बिचारा" म्हणून गिरणेत किंवा पांझरेत सोडणं हे पुण्य नाही. त्याच्यासोबत रोग आणि औषध दोन्ही नदीत जातात, आणि तिथल्या मरळीवर पोट भरणाऱ्या माणसाला दुसरी टाकी विकत घेता येत नाही.

मत्स्यविज्ञान शिकवणारी सरकारी कॉलेजं रत्नागिरी, नागपूर, उदगीरला. धुळ्या-जळगावातून ती लांबच. म्हणजे तूर्तास आपल्या माशाचे डॉक्टर आपणच. निदान डॉक्टरसारखं वागूया : आधी तपासणी, मग औषध. अमोनियाचं टेस्ट किट नसेल, तर पुढचा मासा आणण्याआधी ते आणा.