विश्लेषण : ‘थकलोय, आज उडणार नाही’ असं वैमानिक एकट्याने का म्हणू शकत नाही?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं रखडली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. विमानतळावर ताटकळलेल्यांपैकी अनेकांचा समज झाला, की वैमानिकांना जास्त सुट्टी हवी म्हणून हा घोळ झाला. खरं काय?

नियम अचानक आला का?

नाही. डीजीसीएने तो जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केला होता. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या ड्युटीत जास्तीत जास्त लँडिंग ६ ऐवजी २, आणि ‘रात्र’ पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत. जून २०२४ पासून अंमलबजावणी होणार होती. कंपन्यांच्या आग्रहानंतर ती लांबली. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. नियोजन चुकल्याचं इंडिगोनेही डीजीसीएकडे मान्य केलं. तरीही रात्रीच्या ड्युटीच्या अटींतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली.

झोपेचा एवढा बाऊ कशाला?

२२ मे २०१० ची मंगळुरूची दुर्घटना आठवा. एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान धावपट्टीपुढे दरीत कोसळलं, १५८ जण गेले. त्या प्रवासात कॅप्टन दीड तासाहून जास्त वेळ झोपला होता, हे कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवरून कळलं. लँडिंग सोडून पुन्हा वर जाऊ, असं सहवैमानिक सांगत राहिला. कॅप्टनने ऐकलं नाही. अर्धवट झोपेतून उठल्यावर निर्णयक्षमता मंदावते, ही शक्यता चौकशी अहवालात नोंदवली आहे. इंजिन किती तास चाललं हे आपण काटेकोर मोजतो; माणसाच्या तासांवर मात्र घासाघीस करतो.

मग संघटना कशासाठी?

थकलेल्या वैमानिकाने उड्डाण नाकारणं हीच खरी व्यावसायिकता. पण एकट्याने नाकारलं, की रोस्टर आणि बढती कंपनीच्याच हातात. नोकरी सोडावी, तर २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला वर्षभराची नोटीस. त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याचा हक्क नियमात लिहून घ्यावा लागतो, आणि तो आग्रह संघटनाच धरू शकते.

संघटनांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा ५८ दिवसांचा संप झाला. मूळ वाद होता ड्रीमलायनरचं प्रशिक्षण आधी कुणाला द्यायचं, याचा. त्यात प्रवाशांच्या सुरक्षेचा मुद्दा कुठे होता? विश्रांतीचा मुद्दा वेगळा आहे, तो थेट आपल्या सीटपर्यंत येतो.

नव्या नियमांनुसार कंपन्यांना वैमानिकांच्या थकव्याचा अहवाल दर तिमाहीला डीजीसीएकडे द्यायचा आहे. अडचण एवढीच, की तो तयार करणार कंपनीच.