माळढोक हवा असेल तर माळ राखा

महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,



सोलापूर-अहिल्यानगरच्या माळढोक अभयारण्याचा इतिहास मंडळाला ठाऊक आहे. त्यातून घ्यायचा धडा मात्र अजून घेतलेला दिसत नाही, म्हणून हे पत्र. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचा विस्तार जवळपास 8,500 चौरस किलोमीटर होता. गावे, बाजारपेठा, खासगी शेते सारे त्या रेषेच्या आत आले, आणि वनखात्याच्या ताब्यातला खरा माळ तेवढ्या पसाऱ्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला राहिला. जमिनीचे व्यवहार अडू लागले तसा लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. दोन्ही वेळा वाद झाला तो रेषा कुठे ओढायची याचा. रेषेच्या आत काय बदलत होते, याचा एकत्र विचार झाला नाही. माळढोकाची मादी उघड्या माळावर, बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. हा पक्षी चरायला शेजारच्या जिरायती रानात उतरतो. ज्वारी, हरभरा, करडई आणि त्यांवरचे नाकतोडे यांवर जगतो. उजनी धरणाचे पाणी आले, ऊस पसरला आणि माळढोकाच्या जगण्याचा अर्धा भाग कोणत्याही अधिसूचनेला धक्का न लागता नाहीसा झाला. आज अभयारण्यातल्या नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी 2000 साली नैरोबीत परिसंस्थेचा दृष्टिकोन स्वीकारला. भारत त्यांपैकी एक आहे. त्याची 12 तत्त्वे आहेत, पण त्यांतली तीन जरी आपण मनावर घेतली तरी खूप होईल. एका जागी केलेल्या कामाचा शेजारच्या परिसंस्थेवर काय परिणाम होतो ते पाहा. निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर घ्या. आणि शास्त्रज्ञांच्या ज्ञानाबरोबर स्थानिकांचे ज्ञानही जमेस धरा. रेहेकुरी आणि मयूरेश्वर ही दोन अभयारण्ये मिळून 8 चौरस किलोमीटरही भरत नाहीत. काळवीट आणि चिंकारा तिथे टिकले हे तिथल्या संरक्षणाच्या कामाचे श्रेयच आहे. पण लांडग्याच्या एका कळपाचा वावर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचा असतो. कुंपणाच्या आतला प्राणी आपला आणि बाहेरचा महसूल खात्याचा, या हिशेबाने लांडगा जगणार नाही.

सर्वांत मोठा अडसर मात्र आपल्या मनात आहे. जंगल तुटले की माळ उरतो, म्हणून तिथे झाडे लावणे म्हणजे निसर्गाचे ऋण फेडणे, असे आपण धरून चाललो आहोत. सरकारी दप्तरात खुरट्या माळाची नोंद पडीक म्हणून होते आणि वृक्षलागवडीसाठी मोकळी जमीन शोधताना बोट आधी त्याच्यावरच पडते. पश्चिम महाराष्ट्रापुरते तरी हे गृहीतक पुराव्याला टिकत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 13व्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या, लोकगीतांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांत 44 रानटी वनस्पती सापडल्या आणि जवळपास दोन-तृतीयांश वनस्पती माळरानाची ओळख सांगणाऱ्या निघाल्या. म्हणजे बाभळी-बोरीचा, गवताचा हा प्रदेश शेकडो वर्षांपूर्वीही असाच होता. अशा जागी गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या की सावलीत ऊनखाऊ गवत मरते, आणि दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला तो माळ परका होतो.

हवामान बदलाच्या काळात झाडांना विरोध कसा करता, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण माळ आपला कार्बन बहुतांशी मुळांत आणि मातीत साठवतो. वणवा लागला तरी तो तिथे बराचसा सुरक्षित राहतो. झाडे लावायला बांध आहेत, ओढ्याकाठ आहेत, सह्याद्रीतली उजाड झालेली वने आहेत. 2019 मध्ये एका हंगामात 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या राज्याला काही माळ सोडून देणे जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप चराईचा. अति चराईने माळ उजाड होतो, हे खरेच आहे आणि त्यावर बंधन हवेच. पण सरसकट बंदी घातली तर जुने गवत वाळून साचते, झुडपे माजतात आणि वणव्याला इंधन मिळते. मेंढ्या कधी आणायच्या, मारवेल बी धरेपर्यंत कुठला तुकडा राखायचा, हे धनगरांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने कळते. लांडगा त्यांची मेंढी नेतो, तरी त्याच्यासोबत तेच राहत आले आहेत. भरपाई वेळेवर आणि हेलपाट्यांविना मिळाली तर हे सहजीवन टिकेल. नाही मिळाली तर विष घालणारा एखादा हात पुढे येईल, आणि त्याला एकट्याला दोष देता येणार नाही.

काही तज्ज्ञांना भीती वाटते की सगळ्या परिसंस्थेच्या चिंतेत शेवटचे माळढोक हातचे जातील. राजस्थानात सम आणि रामदेवरा येथे चालू असलेले कृत्रिम प्रजनन म्हणूनच आवश्यक आहे आणि त्याला पूर्ण पाठबळ हवे. पण तिथे वाढलेली पिल्ले कधीतरी मोकळी सोडायची आहेत. तेव्हा महाराष्ट्राला गवताने भरलेला, उघड्या वीजतारांवाचूनचा, भटक्या कुत्र्यांपासून राखलेला आणि भोवती जिरायती पिके असलेला माळ दाखवता आला पाहिजे. असा माळ तयार व्हायला काही वर्षे लागतात, त्यामुळे काम आजच सुरू करावे लागेल.

मंडळाने पुढच्या बैठकीत नान्नज, रेहेकुरी, मयूरेश्वर आणि इंदापूर-बारामतीकडचे वनखात्याचे माळ यांचा एकच आराखडा मागवावा. नैसर्गिक माळांवर नवी वृक्षलागवड थांबवण्याची शिफारस शासनाला करावी. अभयारण्यांभोवती ज्वारी-करडई पेरणाऱ्या शेतकऱ्याला त्या पिकासाठी थेट मोबदला देता येईल का, हे कृषी खात्यासोबत बसून ठरवावे. या चर्चेला मेंढपाळांचे प्रतिनिधी बोलवावेत. फलटण-बारामतीकडचे मेंढपाळांचे वाडे दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे निघतात. बैठक त्याआधी ठेवली तर त्यांना येता येईल.

आपला,
माळरानाचा एक अभ्यासक