टाळ्या वाजविल्यानंतर काय?



सुषमा देशपांडे यांनी १९८९ साली रंगभूमीवर आणलेला ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अशा प्रयोगास स्त्रियांचे डोळे पाणावतात, पुरुष टाळ्यांचा कडकडाट करतात. त्या टाळ्यांविषयीच आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

सावित्रीबाईंना दाद देणारे गृहस्थ पुढे बहिणीस घेऊन हक्कसोडपत्र करावयास येतात, हे आम्ही वकिलीत पाहिले आहे. माहेर तुटेल या भयाने ती मुकाट्याने सही करते. वास्तविक १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांसही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला. हिंदू कोड बिल रखडविले गेले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, तो आपण बहिणीकडून सोडवून घ्यावा काय?

दीक्षा घेताना आपण समतेची प्रतिज्ञा केली आहे. टाळ्या अवश्य वाजवा. परंतु घरी परतल्यावर सातबारा उघडून त्यावर बहिणीचे नाव आहे काय, तेही पाहा. नसेल तर लावून घ्या. सावित्रीबाईंना खरी दाद तीच होय.