आयएनआरची तपासणी उपकेंद्रात करा



हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा ठोके अनियमित पडणाऱ्या अनेकांना वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. डोस कमी पडला तर गुठळी होते, जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणून रक्त गोठण्याचा ‘आयएनआर’ हा आकडा तपासत राहावा लागतो. तो साधारण २ ते ३ हवा, मायट्रल जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. आम्हा लोहारेकरांना त्यासाठी यवतमाळ जवळ आहे. उमरखेड, झरी जामणीकडच्या खेड्यातल्या माणसाने ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून किती फेऱ्या मारायच्या?

बोटातल्या थेंबावर आयएनआर सांगणारे छोटे यंत्र मिळते. ते उपकेंद्रात द्या, नोंदवही परिचारिकेकडे सोपवा, डोस डॉक्टरांनी ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरसल्ला सेवेवरून ठरवावा.

परिचारिकांना हे झेपेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी सर्पदंशाचा रुग्ण आल्यावर काय करतात ते पाहावे. कोऱ्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि गोठले की नाही ते बघतात. आपल्या जिल्ह्याला ही तपासणी नवी नाही. दुसरा आक्षेप नव्या गोळ्यांचा. त्यांना आयएनआर लागत नाही हे खरे, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. संधिवाती तापाने झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्यांमध्येही जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाल्याचे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले. त्यात भारतातले रुग्णही होते. म्हणजे गरिबाच्या झडपेला जुनीच गोळी लागणार.

यंत्र येईपर्यंतही पुष्कळ करता येईल. आपल्याकडे कंबर धरली की ‘सुई लावून द्या’ हा आग्रह ठरलेला. डायक्लोफिनॅकची सुई अशा रुग्णाला दुहेरी घातक: स्नायूत रक्त साकळते आणि पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. सुई भरण्याआधी ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारायला खर्च नाही. औषध दुकानदारानेही १ मिलिग्रॅमऐवजी २ ची पट्टी देताना हात आवरावा. डोक्याला मार लागला, शौच काळी झाली, लघवी लाल आली तर घरी थांबू नये. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. हे परिचारिकेने घरच्या सुनेलाही सांगावे, कारण गोळ्या बहुधा तीच काढून देते. ‘पालेभाजी बंद’ हा सल्ला मात्र पुरे झाला. भाजी खावी, प्रमाण वर्षभर सारखे ठेवावे. हिवाळ्यात मेथी-पालक स्वस्त झाले म्हणून रोज ताटभर खाल्ले की आयएनआर खाली येतो.

आशाताई घरोघरी बीपी-शुगरची माहिती भरतातच. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने त्या अर्जात या गोळीचा एक रकाना वाढवावा. कोणत्या गावात किती यंत्रे लागतील, ते त्यावरूनच कळेल.

— एक निवृत्त परिचारिका, लोहारा (जि. यवतमाळ)