शिक्का कोणाचा?

बारावीचा निकाल लागला की आपल्या संभाजीनगरचा चेहरामोहरा आठ दिवसांत पालटतो. क्रांती चौकापासून औरंगपुऱ्यापर्यंत आणि सिडकोपासून टी.व्ही. सेंटरपर्यंत विजेच्या खांबांवर, कुंपणभिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर फलक झळकू लागतात. 'सहा महिन्यांत नोकरी', 'शंभर टक्के हमी', 'सरकारमान्य'. मध्यवर्ती बसस्थानकावर एस.टी.तून बापलेक उतरतात. मुलाच्या काखेत गुणपत्रिकांची पिशवी असते आणि बापाच्या मनात एकच प्रश्न असतो, याचे पुढे काय करायचे?

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात असेच एक गृहस्थ परतूर तालुक्यातून माझ्याकडे आले. मुलाला एका 'करिअर कॉलेज'मध्ये रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदविकेसाठी प्रवेश घेऊन दिला होता. पंचवीस हजारांचा पहिला हप्ता भरून झाला होता, दुसऱ्यासाठी सोसायटीचे कर्ज काढायचे चालले होते. "तेवढे एकदा पाहून सांगा साहेब, बरोबर आहे ना?" असे म्हणून त्यांनी माहितीपत्रक पुढे केले. गुळगुळीत कागदावर चार मुद्रा छापल्या होत्या : शासन नोंदणीकृत, आयएसओ प्रमाणित, एमएसएमई मान्यताप्राप्त आणि परदेशातील कुठल्याशा परिषदेची संलग्नता. त्या चारही मुद्रा बहुधा खऱ्या असाव्यात, आणि त्या चारही मुद्रांना त्या मुलाच्या दृष्टीने काडीचाही अर्थ नव्हता.

शब्दांचा बाजार

हे विधान कठोर वाटेल, म्हणून थोडे खोलात जाऊन पाहू. 'शासन नोंदणीकृत' म्हणजे ती संस्था कंपनी, न्यास वा सोसायटी म्हणून नोंदली गेली आहे. तशी नोंदणी किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्याचीही असते. 'आयएसओ ९००१' हे प्रमाणपत्र व्यवस्थापनाच्या पद्धतीला मिळते. वर्गात काय शिकवले जाते, कोण शिकवतो आणि शिकून बाहेर पडलेल्याला काय येते, याच्याशी त्याचा संबंध नाही. लघुउद्योग म्हणून होणारी 'उद्यम' नोंदणी तर संगणकावर, विनाशुल्क, स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. कायद्याने या गोष्टी गैर नाहीत. गैर आहे तो हेतू. 'नोंदणी' हा शब्द 'मान्यता' म्हणून वाचला जावा, अशा रीतीने तो छापलेला असतो.

वास्तविक आपल्या शिक्षणव्यवस्थेत चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि सुशिक्षित घरांतूनही त्यांची गल्लत होते. पहिली नोंदणी, ती संस्थेच्या अस्तित्वाची. दुसरी मान्यता, ती विशिष्ट अभ्यासक्रम विशिष्ट प्रवेशक्षमतेसह चालवण्याची. अभियांत्रिकीसाठी ती एआयसीटीई देते, औषधनिर्माणासाठी फार्मसी कौन्सिल, परिचर्येसाठी नर्सिंग कौन्सिल. तिसरी संलग्नता, ती विद्यापीठाची. पदवी महाविद्यालयाची नसते, ती विद्यापीठाची असते. चौथे मूल्यांकन. १९९४ साली स्थापन झालेली, बंगळुरूस्थित 'नॅक' ते करते. संस्था चांगली आहे की सुमार, एवढेच ते सांगते. मूल्यांकन म्हणजे परवानगी नव्हे, आणि परवानगी म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था यांच्यापुरता मर्यादित ठेवला. या तरतुदीचा भंग करणाऱ्यास त्याच कायद्यात शिक्षा कोणती ठेवली गेली? जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड! एका विद्यार्थ्याच्या एका महिन्याच्या शुल्कातही तो भागावा. कायदा करणाऱ्यांना १९५६ मध्ये या धंद्याची कल्पना नव्हती, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यानंतरच्या अनेक दशकांत ती कोणालाच आली नाही, असे कसे म्हणता येईल?

नफा हाच शत्रू का?

येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. खाजगी म्हणजे वाईट आणि शासकीय म्हणजे चांगले, अशी वाटणी करून मोकळे होता येत नाही. मराठवाड्याच्या वाट्याला शासकीय जागा नेहमीच अपुऱ्या आल्या. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले नसते, तर या भागातील हजारो मुले अभियंता झाली नसती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात आणि २००५ च्या इनामदार निकालात खाजगी संस्थांना वाजवी शिल्लक ठेवण्यास मुभा दिली, मात्र नफेखोरी आणि देणगीशुल्क यांना मज्जाव केला. ही मर्यादा विवेकाची आहे.

सनदी लेखापालाच्या परीक्षेचेच उदाहरण घ्या. त्या शिकवण्या उघड उघड नफ्यासाठी चालतात आणि शुल्कही भरपूर घेतात. तरीही तेथे बनावट सनदी लेखापाल निर्माण होत नाही, कारण शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा. शिकवणी वर्गाच्या प्रमाणपत्राला कोणी विचारत नाही. संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाला तो लेखापाल, नापास झाला तो नापास.

हेच तत्त्व संगणक शिक्षणात आणण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न आपल्या देशात झाला आणि त्याचे एक केंद्र आपल्याच शहरात आहे. गल्लोगल्ली संगणक वर्ग निघू लागले, तेव्हा १९९० साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एआयसीटीईच्या सहकार्याने 'डोएक' योजना आणली. खाजगी वर्गांनी शिकवावे, परंतु त्यांची पात्रता तपासली जावी आणि 'ओ', 'ए', 'बी', 'सी' या स्तरांच्या परीक्षा जानेवारी आणि जुलै महिन्यांत देशभर एकाच वेळी बाहेरच्या यंत्रणेने घ्याव्यात, अशी ती रचना होती. पुढे या संस्थेचे नाव 'नाइलिट' झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील तिचे केंद्र अनेकांनी जाता-येता पाहिले असेल.

मग गल्लोगल्लीच्या वर्गांनी हा मार्ग का धरला नाही? उत्तर उघड आहे. बाहेरच्या परीक्षेत मुले नापास होतात. स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत कोणीही नापास होत नाही. ग्राहक नाराज होऊ नये हा व्यापाराचा नियम झाला. आणि विद्यार्थ्याचा ग्राहक झाला, की परीक्षा हीच अडचण ठरते. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेल्या मुलाला कारखानदार प्रमाणपत्राची मुद्रा पाहून घेत नाही. यंत्रावर उभे केल्यावर त्याचे हात काय करतात, हे त्याला ठाऊक असते. शेंद्रा-बिडकीनमध्ये आज मोठे उद्योग येत आहेत. त्यांना कागद नकोत, हात हवे आहेत. आपल्याच गावच्या कारखान्यात आपली मुले बाहेर उभी राहणार असतील, तर त्यामागचे एक कारण हे कागद असतील.

तपासणाऱ्यालाच कोण तपासणार?

शिक्का देणारी यंत्रणा तरी निर्दोष आहे काय? दुर्दैवाने तसेही म्हणता येत नाही. समितीच्या दिवशी बहरणारी महाविद्यालये आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. ग्रंथालयात पुस्तके अवतरतात, प्रयोगशाळेतील धूळ जाते, कागदावरचे प्राध्यापक सदेह उपस्थित होतात आणि चहापानानंतर सारे पूर्ववत होते. मार्च २०२३ मध्ये 'नॅक'च्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकनातील गैरप्रकारांविषयी प्रश्न उपस्थित करून पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला सर्वोच्च श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने 'नॅक'च्या पाहणी समितीच्या अध्यक्षांसह अनेकांना अटक केली. न्यायालय काय ते ठरवील. पण ज्या शिक्क्यावर लाखो कुटुंबांनी विसंबायचे, त्याचाच सौदा झाल्याचा आरोप व्हावा, ही गोष्ट समाजाची झोप उडवणारी आहे.

हा रोग केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत 'कोरिंथियन' ही नफ्यासाठी चालणारी महाविद्यालयांची साखळी एप्रिल २०१५ मध्ये एकाएकी बंद पडली. नोकरीचे खोटे आकडे दाखवून तिने विद्यार्थ्यांना कर्जात लोटले होते. २०२२ साली तेथील शासनाला सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. तिच्या अनेक शाखांना मानांकन देणारी संस्था अखेरपर्यंत 'सर्व ठीक' म्हणत होती. पुढे त्या मानांकन संस्थेचीच मान्यता गेली. तपासणाऱ्याचे पोट ज्याची तपासणी करायची त्याच्याच शुल्कावर भरत असेल, तर याहून वेगळे काय घडणार? मात्र तेथे निदान शासनाने चूक पदरात घेतली. आपल्या परतूरच्या शेतकऱ्याचे कर्ज कोण माफ करणार?

डिसेंबर २०२५ मध्ये 'विकसित भारत शिक्षा अधिष्ठान' विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि संसदेच्या संयुक्त समितीकडे सोपवले गेले. नियमन, मूल्यांकन आणि मानके यांसाठी तीन वेगवेगळ्या परिषदा असाव्यात, ही त्यातील कल्पना योग्य दिशेची आहे. परंतु विधेयकाने हेतू बदलत नाहीत. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि आपल्या राज्यात त्यांना प्रवेश परीक्षा लागू झाली. तेव्हा काही संस्थांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून घेतले. कायदा पुढच्या दाराने आत आला, की पळवाट मागच्या दाराने निघते.

आपले घर आधी

म्हणून या विषयाचा शेवट शासनाला चार खडे बोल सुनावून करणे सोयीचे असले, तरी प्रामाणिकपणाचे नाही. या शहराची शैक्षणिक परंपरा आठवा. निजामी राजवटीत, मातृभाषेतील शिक्षणाची कोंडी झालेली असताना, १९१५ साली सरस्वती भुवन उभी राहिली. मराठवाडा मुक्त होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी विद्यापीठ आले. त्या काळी 'नॅक' नव्हते. संस्थाचालक कोण आहेत आणि ते कशासाठी झिजत आहेत, हे गावाला माहीत होते. तेच त्यांचे मानांकन होते.

आज ती ओळख पुरेशी नाही, आणि चालक आपल्या परिचयाचे वा आपल्या विचारांचे आहेत एवढ्यावर तर मुळीच विसंबू नये. आपल्या परिवारातील, आपल्या स्नेह्यांच्या संस्थांनीच पहिले पाऊल उचलावे. आपली मान्यता कोणाची, तिचा आदेश क्रमांक काय, मुदत कधी संपते, प्रवेशक्षमता किती, पूर्णवेळ शिक्षक किती, गेल्या तीन वर्षांत किती मुले उत्तीर्ण झाली आणि किती जणांना प्रत्यक्ष नोकरी लागली, हे एका पानावर मराठीत लिहून प्रवेशद्वाराशी लावावे. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याला यात अवघड काय आहे? आणि ज्याला अवघड वाटते, त्याच्या व्यासपीठावर आपण हारतुरे स्वीकारायला जावे काय, याचाही विचार व्हावा.

दुसरे काम कार्यकर्त्यांचे. जून-जुलैचे सहा आठवडे प्रत्येक नगरात, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळचे दोन तास एक माहिती केंद्र चालवता येईल. एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि धीराने बोलणारा एक माणूस पुरेसा आहे. येणाऱ्या पालकाला पाच प्रश्न शिकवायचे. पदवी वा पदविका नेमकी कोण देणार? त्या विद्यापीठाच्या वा परिषदेच्या यादीत या संस्थेचे आणि या अभ्यासक्रमाचे नाव आहे का? परीक्षा कोण घेणार? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळणार का, हे लेखी आहे का? मूळ प्रमाणपत्रे ठेवून तर घेत नाहीत ना? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत एक रुपयाही भरायचा नाही, एवढी एक गाठ पालकांच्या पदराला बांधून दिली, तरी निम्मा बाजार आपोआप उठेल.

त्या परतूरच्या गृहस्थांचे पंचवीस हजार परत मिळाले नाहीत. महाविद्यालयांसाठी शुल्कपरताव्याचे नियम आहेत. परंतु ती संस्था मुळात महाविद्यालयच नव्हती, त्यामुळे ते नियम तिला लागू होत नव्हते! फलकावर महाविद्यालय, हिशेबाच्या वेळी दुकान. दुसरा हप्ता मात्र वाचला. मुलाने शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. परवा त्याच्या वडिलांचा दूरध्वनी आला. गावातल्या आणखी तिघांची मुले यंदा बारावीला आहेत, त्यांना घेऊन येऊ का, असे विचारत होते.

त्यांना या म्हटले आहे. पण सगळ्यांनाच संभाजीनगरपर्यंत का यावे लागावे? ते टेबल परतूरलाच मांडले गेले पाहिजे, आणि पुढच्या निकालाच्या आधी.